रेघेच्या वर

शैलाला बँकेत बढती मिळाली आणि आम्ही बडोद्याला आलो.
भाडं एवढं कमी का
ते झांपा उघडल्यावर कळलं.
(झांपा म्हणजे फाटक. इथे शिकलेला माझा पहिला शब्द.)
टेनामेंट, खाली दोन खोल्या, वर धाबं.
पुरानंतर मालक नडियादला मुलीकडे गेले
ते तिथलेच झाले;
किल्लीसुद्धा कुरिअरने आली.

आत शिरलो तर चारी भिंतींवर
एकाच उंचीची तपकिरी रेघ,
माझ्या छातीला लागेल अशी.
हर्णैच्या धक्क्यावर ही रेघ दिवसातून दोनदा उमटते,
वाळायच्या आत पुसली जाते,
तिच्याकडे कुणी मान वळवून बघत नाही.
इथे पाणी तीन दिवस बसून होतं.

“पाणी उतरलं ना, तेव्हा ह्या ओटल्यावर मगर होती,”
शेजारच्या इंदुबेन म्हणाल्या,
जावई येऊन गेला, इतक्या सहज.
आडनाव फणसे. चौथी पिढी.
शब्द आपले, हेल मात्र गुजराती.
“समुद्र कुठल्या अंगाला?” मी विचारलं.
हातातली चाळणी त्यांनी नैर्ऋत्येला हलवली.
“जंबुसरच्या पण पलीकडे. काय काम होतं?”

काम असं काही नव्हतं.

स्वयंपाकघरात फ्रीज उताणा पडलेला.
दार कटावणीने उचकटलं.
आत गाळ, काठोकाठ, सुकून दगड झालेला,
चौकोनी, कडा शाबूत.
लादीच की.
सव्वीस वर्षं मी बर्फाच्या कारखान्यात काढली.
साच्यातून लादी ओढायची नसते.
कडेने पाणी सोडायचं,
तिला जरा घाम फुटू द्यायचा,
आणि मग बुडावर तळहाताची एक थाप.
फ्रीज कलता केला, पाणी सोडलं, बिडी होईपर्यंत थांबलो.
थाप.
लादी सरकली ती थेट माझ्या अंगठ्यापाशी.
दारात शैला, ऑफिसची पर्स खांद्यावर तशीच:
“कुठल्या मचव्यावर चढवायची ही?”
इथे आल्यापासून पहिल्यांदा हसली.

फोडल्यावर निघालं ते असं:
एक चमचा,
गोगलगाईंचे शंख नऊ,
लोणच्याची बरणी, झाकण इतकं घट्ट
की आतल्या फोडींना काही पत्ताच नाही,
आणि बर्फाचा ट्रे, आठ खणांचा,
खणाखणात विश्वामित्री, मापात बसलेली.
माती लिंबाला घाला, इंदुबेन कुंपणावरून म्हणाल्या.
लिंबू आहे हे तोवर आम्हाला माहीत नव्हतं.

कनुभाई रंगारी भिंतीवरून नख फिरवत म्हणाला,
“रंगाचे पैसे घेईन. रेघेची गॅरंटी नाही.
पावसाळ्यात वर येणार म्हणजे येणार.”
“मग तिसरा हात कशाला,” शैला म्हणाली,
“दोनच द्या.”

कॉम्प्रेसर सीलबंद होता, त्याच्या पोटात नदी गेली नव्हती.
मांडवीजवळ रिले मिळाला, एकशे चाळीस रुपयांना.
वायरी नव्या घातल्या.
रात्री अकराला प्लग लावला.
आधी नुसता ठोका.
परत ठोका.
मग अंगभर थरथर, आणि त्यातून
तो आवाज, ज्याच्या शेजारी बसून
मी सव्वीस वर्षं डबा खाल्ला.
लहान झालेला. कोवळा.
अंधारातून शैला म्हणाली,
“लागेल आता झोप तुला.”
मी काही बोललो नाही,
जरा वेळाने तीच घोरायला लागली.

सकाळी आठही खण गोठले होते, जरासे मातकट.
सहा इंदुबेनना दिले; त्यांनी ते उजेडात धरून पाहिले
आणि गुपचूप मोरीत ओतले, मी पाहिलं.
मग खिळ्यांचा डबा काढला.
घड्याळ, कॅलेंडर, देवांची फळी,
जेटीवरचा आमचा फोटो, ज्यात दोघांचे डोळे मिटलेत,
विजेचा बोर्ड, रेशनकार्डाची पिशवी,
सगळं रेघेच्या वर.
खाली राहिलं फक्त चपलांचं कपाट
आणि आमची खाट.